दोन फुटी टाकीत कोणाशेजारी कोण

घरात पहिल्यांदा माशांची टाकी येते ती बहुधा दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असते. हिशेबाने तिच्यात ५६ लिटर पाणी मावतं. तळाची वाळू, दगड आणि वर सोडलेली मोकळी जागा वजा केली की ४५ लिटरच्या आसपास उरतं. टाकीबरोबर मासेही घेतले जातात आणि ते जवळजवळ नेहमी जोडीने घेतले जातात: दोन एंजल, दोन गोल्डफिश, दोन टायगर बार्ब, दोन निऑन टेट्रा, एखादा काळपट ‘शार्क’ आणि काच साफ ठेवायला एक सकर. हे सगळे एकत्र नांदतील का, या प्रश्नाला सगळे शांत स्वभावाचे आहेत असं उत्तर मिळतं. महिना-दोन महिन्यांत निऑन दिसेनासे होतात, एंजलच्या लांब पंखांच्या चिंध्या होतात, एखादा मासा कोपऱ्यात फिल्टरमागे दडून बसतो. मग दोष पाण्याला, रोगाला किंवा नशिबाला दिला जातो. माझ्या मते मूळ चूक मोजणीत असते. लहान टाकीत माशांचं एकमेकांशी जमणं हे ‘शांत’ किंवा ‘भांडखोर’ अशा शिक्क्यांवर फार थोडं अवलंबून असतं. प्रत्येक जातीला तिच्या स्वभावाला लागतील तेवढे सोबती मिळाले का, आणि तेवढे सोबती दिल्यावर त्या पाण्यात दुसऱ्या जातीला जागा उरली का, यावर ते जास्त ठरतं. दोन फुटी टाकीसाठी याचा अर्थ सरळ आहे: जाती दोन, फार तर तीन, आणि थव्याने राहणारी जात असेल तर तिचे आठ-दहा मासे.

टेट्रा, बार्ब, रासबोरा, झेब्रा हे सगळे थव्याने राहणारे मासे. थव्यात शिकाऱ्याला एकच भक्ष्य हेरणं अवघड जातं आणि धोका ओळखायला अनेक डोळे जागे असतात. ही सवय वरवरची नाही, शरीरातच मुरलेली आहे. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने १९३८ साली दाखवून दिलं की मिनो नावाच्या छोट्या माशाच्या जखमी त्वचेतून एक द्रव्य पाण्यात उतरतं आणि त्याचा गंध येताच आसपासचे भाऊबंद घाबरून एकत्र येतात किंवा लपतात. बार्ब, टेट्रा, लोच, कॅटफिश अशा मोठ्या कुळसमूहात ही व्यवस्था आढळते. अशा माशाला दोनाच्या संख्येत ठेवलं की धोका दूर आहे हे सांगणारं आजूबाजूला कोणी नसतं, आणि तो दिवसरात्र सावध राहतो. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१० साली निऑन टेट्रा, व्हाइट क्लाउड मिनो, टायगर बार्ब आणि एंजल हे घरोघरी पाळले जाणारे मासे १, २, ५ आणि १० अशा संख्येत ठेवून त्यांचं वागणं नोंदवलं. पहिल्या तिन्ही जाती मोठ्या गटात जास्त एकत्र पोहल्या. व्हाइट क्लाउड आणि एंजल लहान गटात जास्त भांडले. निऑन आणि एंजल यांचं दचकून इकडेतिकडे झेपावणं संख्या वाढली तसं कमी झालं. म्हणजे ज्याला आपण माशाचा स्वभाव म्हणतो, त्यातला मोठा वाटा त्याच्याभोवती किती सोबती आहेत यातून येतो. प्रयोगशाळांत अतिशय वापरल्या जाणाऱ्या झेब्रा माशाबद्दलही हे चांगलं ठाऊक आहे: दोघांनाच एकत्र ठेवलं तर एक वरचढ होतो आणि दुसऱ्याला सतत हुसकावत राहतो. दुसऱ्याला पळायला टाकीच्या काचेपलीकडे जागा नसते. दहा असले तर हीच धुसफूस दहांत वाटली जाते आणि कोणा एकाच्या वाट्याला जीवघेणी ठरत नाही. टायगर बार्बची पंख कुरतडण्याची बदनामी याच नजरेने पाहावी. आठ-दहांच्या गटात त्यांची बरीचशी खोडी आपसांतच जिरते; दोघे-तिघे असले की समोर हळू फिरणारा लांब पंखांचा शेजारी सापडतो. बरीचशी जिरते, सगळी नाही. म्हणून टायगर बार्बच्या टाकीत एंजल, गुरामी किंवा फायटर कितीही मोठ्या गटाच्या भरवशावर ठेवू नये.

यावर पहिली शंका साहजिक आहे: ४५ लिटरमध्ये एकेका जातीचे दहा मासे म्हणजे गर्दीच झाली. याचं उत्तर वजनात आहे. एका गॅलन पाण्यात एक इंच मासा, हा जुना ठोकताळा अजून तोंडोतोंडी चालतो, पण तो लांबी मोजतो आणि घाण मात्र वजनाच्या मानाने होते. लांबी तिप्पट झाली तर त्याच ठेवणीच्या माशाचं वजन सत्तावीसपट होतं. चार सेंटिमीटरचे दहा झेब्रा एकत्र तोलले तरी बारा सेंटिमीटरच्या एका गोल्डफिशच्या निम्म्याहून कमी भरतील; गोल्डफिश जाडजूड असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही कमी. माशाच्या कल्ल्यांमधून अमोनिया सतत पाण्यात उतरत असतो. फिल्टरच्या स्पंजात वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन विषारी, तिसरं बरंच सुसह्य आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदलून काढून टाकता येणारं. अमोनियाचं विष पाण्याच्या सामूवर अवलंबून असतं, हेही लक्षात घ्यावं. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असताना त्यातला अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तोच सुमारे ५ टक्के होतो. एवढ्याशा पाण्यात ही दहापट वाढ फार थोड्या चुकीने होऊ शकते. म्हणून लहान टाकीत लहान माशांचा एक भरघोस थवा हा चार मोठ्या माशांपेक्षा हलका भार आहे. मोठा फिल्टर लावला की काहीही चालतं, हा युक्तिवाद इथेच थोडा तपासून घ्यायला हवा. चांगला फिल्टर अमोनिया संपवतो हे खरं. पण तो टाकीची लांबी वाढवत नाही, पळून जायला कोपरा देत नाही आणि कोणाच्या तोंडाचा आकारही बदलत नाही.

तोंडाचा आकार हा अनेकदा शेवटी आठवणारा मुद्दा, तो खरं तर आधी यायला हवा. जो शेजारी तोंडात मावतो, तो कधी ना कधी तोंडात जातो. एंजल आणि निऑन दोघेही अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातले, म्हणून ते एकत्र चालतात असं सांगितलं जातं. एका नदीखोऱ्यातले असणं म्हणजे मित्र असणं नव्हे; अ‍ॅमेझॉनमध्ये एंजल लहान मासे खातो आणि लहान मासे त्याला चुकवत जगतात. टाकीत चुकवायला जागा नाही. काही घरांत हे दोघे वर्षानुवर्षं एकत्र राहतात, ही हरकतही खरी आहे. मोठे झालेले निऑन आणि पिल्लं असल्यापासून त्यांच्यासोबत वाढलेला एंजल असा योग कधी जुळतो. पण एंजल पूर्ण वाढला की वरच्या-खालच्या पंखांसह त्याची उंची वीत भरते, आणि फूटभर उंचीच्या टाकीत वाळू धरून त्याला वळायलाही अडचण होते. म्हणजे निऑन वाचले तरी टाकी एंजलला पुरलेली नाहीच. पूर्ण वाढ विचारात न घेतल्याने सर्वांत जास्त हाल सकरचे आणि तथाकथित शार्कचे होतात. दुकानातला बोटाएवढा सकर ४० सेंटिमीटरच्या पुढे जातो. ‘शार्क’ म्हणून विकलं जाणारं रुपेरी-काळं पिल्लू बहुतेक वेळा पंगस असतं, आंध्रात तळ्यांत वाढवून बाजारात खाण्यासाठी येतो तोच. तो मीटरभर वाढू शकतो. टाकी जेवढी तेवढाच मासा वाढतो, हा समज इथे आडवा येतो. वाढ खुंटते हे खरं, पण ती साचलेल्या घाणीने, कोंडलेपणाने आणि सततच्या ताणाने खुंटते. आयुष्यही त्याबरोबर खुंटतं. गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं जगू शकतो, हे ऐकून अनेकांना नवल वाटतं, कारण त्यांनी तो वर्षभरही जगलेला पाहिलेला नसतो.

गोल्डफिश हा लहान मिश्र टाकीतला सर्वांत चुकीचा पाहुणा, आणि आपल्याकडे तोच सर्वांत लाडका. फेंगशुईच्या नावाखाली आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश दोन फुटी टाकीत ठेवलेले असंख्य दिवाणखान्यांत दिसतात. श्रद्धेशी वाद घालण्याची गरज नाही. शुभ म्हणून घरी आणलेला जीव घुसमटून मरावा, असं कोणत्याच श्रद्धाळूला नको असतं. नऊ गोल्डफिशना या टाकीच्या अनेक पट पाणी लागतं. शिवाय हा थंड पाण्याचा मासा. त्याला १८ ते २२ अंश मानवतात, तर टेट्रा, बार्ब, गुरामी यांना २४ ते २८. दोघांना एका पाण्यात ठेवायचं तर कोणाची तरी रोज गैरसोय ठरलेली. मुंबईत मे महिन्यात टाकीचं पाणी सहज ३० अंशांवर जातं, विदर्भात कूलरशिवाय त्याहूनही वर. २० अंशांच्या पाण्यात दर लिटरला ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असू शकतो, ३० अंशांना साडेसात. आणि नेमकं त्याच वेळी माशाचं शरीर जास्त प्राणवायू मागत असतं. उलट नागपूर-नाशिकच्या थंडीत हीटर नसेल तर पाणी पहाटे इतकं गार होतं की गुरामी निपचित पडतात. म्हणजे कोणत्या जाती एकमेकांशी जुळतात याआधी आपल्या गावच्या उन्हाळ्या-हिवाळ्याशी कोणती जात जुळते, हा प्रश्न येतो. तळाशी फिरणारे गोंडस कोरिडोरास म्हणूनच मुंबईपेक्षा पुण्यात जास्त सुखी राहतात. त्यांच्यातल्या बहुतेक जातींना २६-२७ अंशांच्या वरचं पाणी सोसत नाही.

पाण्याच्या जडपणाचंही असंच आहे, पण तिथे मी थोडी ढिलाई देईन. मुंबई-पुण्याचं नळाचं पाणी धरणातलं, पावसाचं, म्हणून मृदू असतं. दख्खनच्या पठारावरचं बोअरवेलचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. मॉली, गप्पी, प्लॅटी यांना जड पाणी आवडतं. टेट्रा, रासबोरा, गुरामी यांचं मूळ घर मृदू पाण्यात. आजकालचे जवळजवळ सगळे मासे शेततळ्यांत आणि हौदांत पैदास केलेले असतात, चेन्नईतल्या कोळत्तूरसारख्या ठिकाणी तर तो मोठा व्यवसायच आहे. त्यामुळे नदीतल्या पाण्याचे निकष त्यांना लागू नाहीत, असा एक आक्षेप घेतला जातो. जडपणापुरता तो बराचसा मान्य करावा. पिढ्यान् पिढ्या हौदात वाढलेला निऑन मध्यम जड पाण्यात ठीक राहतो. मात्र पैदाशीने त्याची थव्याची गरज गेलेली नाही, एंजलचं तोंड लहान झालेलं नाही, सकरची लांबी घटलेली नाही. आणि पाणी रोज वेगळं असणं, आज नळाचं, उद्या टँकरचं, हे कोणत्याही पैदाशीच्या माशाला बाधतं. एक प्रकारचं पाणी ठरवावं, क्लोरीन घालवून तेच वापरावं आणि त्याला चालणाऱ्या जाती निवडाव्यात. पाण्यात रसायनं टाकून ते माशांसाठी बदलत बसण्यापेक्षा हे कितीतरी खात्रीचं.

दुकानात तर सगळे एकाच टाकीत गुण्यागोविंदाने असतात, हा पुरावा फार वेळा पुढे केला जातो. त्या टाकीतले मासे बहुतेक पिल्लं असतात, काही दिवसांचे पाहुणे असतात आणि दाटीत असतात. खचाखच भरलेल्या लोकलच्या डब्यात कोणी आपली हद्द आखू शकत नाही, तसं त्या दाटीत हद्द राखणाऱ्या माशालाही काही करता येत नाही. घरच्या टाकीत तोच मासा महिनाभरात एक दगड आपला मानतो आणि इतरांना तिथून हाकलतो. आफ्रिकी तळ्यांतले सिक्लिड पाळणारे जाणते लोक मुद्दाम दाटी करून भांडणं विभागतात, हेही खरं आहे. पण त्यामागे मोठी टाकी, जबरदस्त फिल्टर आणि सतत पाणी बदलण्याची शिस्त असते. दोन फुटी टाकीला ती युक्ती लागू करणं म्हणजे अमोनियाला आमंत्रण.

आता प्रत्यक्ष निवड. मुंबई किंवा कोकणासारख्या उष्ण हवेत, नळाच्या मृदू पाण्यात, मी अशी टाकी सुचवेन: मधल्या थरात दहा हार्लेक्विन रासबोरा, वरच्या थरात हनी गुरामीची एक जोडी, तळाला मऊ वाळूत पाच-सहा कुली लोच. हार्लेक्विन मलाया-सुमात्राकडचा, साडेचार सेंटिमीटरचा, तांबूस अंगावर काळा त्रिकोण असलेला. तो उष्ण पाणी सहज घेतो आणि कोणाच्या वाटेला जात नाही. हनी गुरामी आपल्या ईशान्य भारताचा आणि बांगलादेशाचा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांवरच्या १८२२ सालच्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. झेब्रा माशाचं पहिलं शास्त्रीय वर्णनही त्याच ग्रंथातलं. गुरामी पृष्ठभागावर येऊन हवा घेऊ शकतो, त्यामुळे उन्हाळ्यातल्या कमी प्राणवायूच्या पाण्यात तो इतरांपेक्षा तग धरतो. दुकानात त्याच्याऐवजी बहुधा भडक निळ्या-लाल पट्ट्यांचा बुटका गुरामी पुढे केला जातो. त्याच्या पैदाशीत एक असाध्य विषाणू बराच पसरलेला आहे, आणि नर जरा मोठा झाला की दांडगाईही करतो, म्हणून फिका दिसला तरी हनीच घ्यावा. घरी स्थिरावल्यावर नराला जो मधाचा रंग चढतो तो दुकानातल्या उजेडात कधीच दिसत नाही. इथे गुरामी मात्र जोडीने घ्यायला मी सांगतो आहे, कारण तो थव्याचा मासा नाही. नर हद्द राखतो, फेसाचं घरटं बांधतो. दोन नर या टाकीत एकमेकांना सुखाने राहू देणार नाहीत. प्रत्येक जातीची संख्या तिच्या राहणीतून यावी, एवढंच तत्त्व. फायटरचा नर म्हणून एकटाच बरा. गप्पीची जोडी मात्र सर्वांत वाईट, कारण एकुलत्या मादीला नर क्षणभर उसंत देत नाही. एका नरामागे दोन-तीन माद्या किंवा नुसते नर ठेवावेत. माद्या ठेवल्या तर साधारण चार आठवड्यांनी पिल्लं होत राहतात, आणि मादी नराचं शुक्र महिनोन्महिने साठवून ठेवते, त्यामुळे नर काढून टाकल्यावरही पिल्लं थांबत नाहीत. डासांच्या अळ्या खातात म्हणून नगरपालिका गप्पी हौदांत सोडतात ते याच अफाट वाढीच्या बळावर. ४५ लिटरमध्ये तेच बळ संकट ठरतं.

देशी मासे म्हणजे आपोआप जुळणारे, असंही मानू नये. झेब्रा आणि हनी गुरामी दोघेही भारतीय, पण झेब्रा दिवसभर धावतो आणि खाणं पडताच झडप घालतो. बुजरा गुरामी उपाशी राहतो आणि कोपरा धरतो. झेब्राला वेगळी टाकी द्यावी: दहा झेब्रा आणि तळाला पाच-सहा कोरिडोरास, पुण्या-नाशिकच्या हवेत ही सुंदर टाकी होते. सह्याद्रीच्या दक्षिण भागातला लाल-काळ्या पट्टीचा ‘मिस केरळ’ देखणा असला तरी तो पंधरा सेंटिमीटरचा, वेगवान आणि थव्याने राहणारा. त्याला निदान चार फूट लांबी लागते. शिवाय तो नामशेष होण्याच्या वाटेवरच्या जातींच्या यादीत आहे, म्हणून पैदास केलेलाच आहे याची खात्री असल्याशिवाय कोणत्याही टाकीत घेऊ नये.

दोनतीन जातींची टाकी मुलांना कंटाळवाणी वाटेल, ही शेवटची हरकत मी सर्वांत गंभीरपणे घेतो, कारण टाकी बहुतेक घरांत मुलांसाठीच येते. पण मुलाला वेगवेगळे दहा आकार दाखवणं आणि मासे काय करतात ते दाखवणं यांत फरक आहे. दोन-दोन मासे पाच जातींचे ठेवले की ते लपतात, दचकतात, रंग उडवून बसतात. पाहायला फार थोडं उरतं. दहा हार्लेक्विन एकदम वळतात, नर माद्यांपुढे पंख ताणून मिरवतात, गुरामी आपल्या लांब सोंडेसारख्या स्पर्शिकांनी प्रत्येक पान चाचपून पाहतो, लोच संध्याकाळी वाळूतून डोकी काढतात. माशाचं वागणं त्याला सुरक्षित वाटलं की उलगडतं, आणि ती सुरक्षितता त्याला भाऊबंदांकडून मिळते. निरीक्षणाची सवय लावायची तर हीच टाकी मुलाला जास्त देते.

मासे आणण्याचा क्रमही निवडीइतकाच महत्त्वाचा. टाकी भरून, फिल्टर चालू करून, रोज चिमूटभर खाणं टाकत चार-सहा आठवडे रिकामी चालवावी, म्हणजे स्पंजात जिवाणू स्थिरावतात. चाचणी संचावर अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसेपर्यंत थांबावं. त्यानंतर आधी रासबोरांचा थवा, शक्यतो सगळे एकदम आणि पहिले दहा दिवस खाणं अगदी बेताचं. मग दोन-तीन आठवड्यांनी लोच, आणि हद्द राखणारा गुरामी सर्वांत शेवटी, म्हणजे त्याला आधीपासून वसलेल्या शेजाऱ्यांत स्वतःची जागा शोधावी लागते. प्रत्येक नवी तुकडी आधी वेगळ्या टबात दोन आठवडे ठेवून पाहावी. ज्यांच्या टाकीत आधीच दोन-दोनाच्या जोड्या आहेत, त्यांनी नवं काही घेण्याआधी वाढणारे आणि खाणारे मासे दुकानात किंवा मोठी टाकी असलेल्या कोणाकडे परत द्यावेत, आणि उरलेल्यांपैकी एका थव्याची संख्या पूर्ण करावी. नदीत, तलावात किंवा गणपती विसर्जनाच्या हौदात ते सोडू नयेत. सकर अशाच वाटांनी देशातल्या अनेक नद्या-जलाशयांत पोचला, आणि आज मच्छिमारांच्या जाळ्यात खाण्याच्या माशांऐवजी तो येतो, जाळी फाडतो आणि काठावर फेकून दिला जातो.